परसांतील भट्टी

सुशिक्षित घरांतून यंत्रांविषयींचें कुतूहल उदंड असतें. यंत्राला हात लावण्याची तयारी मात्र बेताचीच असते. मुलगा एंजिनियर झाला म्हणजे आपण पेढे वाटतों. परंतु त्याच मुलानें दहाव्या वर्षीं सायकलीचें मागील चाक सोडवून ओटीवर मांडलें होतें, तेव्हां "कपडे काळे झाले" यापलीकडे आपणांस कांहीं सुचलें नव्हतें. हातानें काम करणारे एका बाजूस व पुस्तकें वाचणारे दुसऱ्या बाजूस, ही जी वांटणी आपल्या समाजांत फार जुन्या काळापासून पडली आहे, ती पदव्यांनीं मोडलेली नाहीं. वितळलेला धातु साच्यांत उतरतांना एकदांहि जवळून न पाहतां यंत्रशास्त्राची पदवी घेतलेले तरुण आम्हांस भेटले आहेत. त्यांस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. तें दृश्य पाहण्याची त्यांची सोय ना घरीं झाली, ना दारीं.

आज जें लिहावयाचें आहे तें अशाच एका सोयीविषयीं. आमच्या सांगलीच्या घरीं, परसांत, आमच्या पुतण्यानें एक लहानशी भट्टी उभारली आणि जुन्या मोटारसायकलच्या एंजिनाचें टोपण, ज्याला कारागीर नुसतें 'हेड' म्हणतात तें, स्वतः ओतून काढलें. त्यावरून घरांत वाद झाला. तो वाद केवळ आमच्या घरचा नव्हे, असें आम्हांस वाटतें. म्हणून तो वाचकांपुढें मांडीत आहों.

आमच्या मुलखाला भट्टी नवी नाहीं. आज आपण सातारा व सांगली असे दोन जिल्हे म्हणतों. परंतु १९४९ सालापर्यंत ते मिळून एकच सातारा जिल्हा होता, आणि मधून मधून संस्थानांचीं ठिगळें होतीं. १९४९ सालीं दक्षिण सातारा निराळा झाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. याच मुलखांत १९१० सालीं, औंध संस्थानच्या हद्दींत, कुंडल स्टेशनाजवळच्या निवडुंगानें माजलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं आपला कारखाना आणला. औंधाधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं त्यांस आश्रय दिला. लक्ष्मणराव मूळचे चित्रकला शिकण्यास मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत गेलेले. रंग ओळखण्यांत दृष्टीचा दोष निघाला, तेव्हां ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक झाले, आणि पुढें ती नोकरी सोडून बेळगांवास सायकलींच्या धंद्यांत शिरले. ब्राह्मण घरच्या शिकलेल्या माणसानें मास्तरकी टाकून तेलकट हातांनीं दुकानांत बसावें, ही गोष्ट त्या काळीं किती जणांच्या गळीं उतरली असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

त्यांचा लोखंडी नांगर आरंभीं खपेना. लोखंडानें जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पुढें खप वाढला तों पहिलें महायुद्ध आलें व ओतण्यास कच्चें लोखंड मिळेनासें झालें. त्या वेळीं कोल्हापूर संस्थानांतील जुन्या तोफा वितळवून त्यांचे नांगर ओतण्यांत आले. तोफेचा नांगर व्हावा, हें पुराणांत शोभणारें वर्णन आमच्या शेजारीं अक्षरशः घडलें. त्याच सुमारास कऱ्हाडाजवळ ओगलेवाडीस कांच वितळूं लागली व तेथील 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रांत घरोघर गेला. साताऱ्याकडे धनजीशा कूपर यांनीं १९२२ सालीं कारखाना काढला. तेथें लोखंडी नांगर व पुढें डिझेल एंजिनें होऊं लागलीं. हेच कूपर १९३७ सालीं मुंबई इलाख्याचे कांहीं काळ मुख्य प्रधान झाले.

याहूनहि मागें जावयाचें तर बाराव्या शतकांतील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथांत मेणाच्या साच्यावरून मूर्ति कशी ओतावी, मेणाच्या वजनावरून धातु किती घ्यावा, याचा विधि सांगितलेला आहे. तो ग्रंथ आमच्या पंडितांनीं जतन केला. ती विद्या मात्र ओतारी, तांबट, कासार व लोहार यांनीं जिवंत ठेविली. श्लोक एका घरीं आणि मूस दुसऱ्या घरीं, असा हा संसार शतकानुशतकें चालला.

आतां घरच्या वादाकडे येतों. पुतण्या एंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षांत आहे. त्याच्या हातीं एक जुनी येझ्दी मोटारसायकल आली. ही गाडी म्हैसूरास होत असे. तो कारखाना १९९६ सालीं बंद पडला. गाडीच्या हेडाचे पंख तुटलेले होते व प्लगचे आटे झिजले होते. दुसरें हेड बाजारांत मिळतें, हें त्यास ठाऊक होतें. तरी तें आपण परसांत ओतणार, असें त्यानें जेवतांना सहज सांगितलें, आणि पंक्तींतील सर्वांचे हात थांबले.

"भावजी, तुम्ही तरी त्याला कांहीं सांगा," वहिनी आम्हांस म्हणाल्या. "वस्तु विकत मिळते. मग घरांत विस्तव पेटवून हात भाजून घ्यायची ही कसली हौस?"

आमचे बंधू बँकेंतून निवृत्त झालेले. त्यांनीं लगेच हिशेब मांडला कीं भट्टी, मूस, वाळू, पंखा हें सर्व धरतां विकतच्या हेडाच्या तिप्पट खर्च येईल. हिशेब बरोबर होता; पुढें तितकाच खर्च आला.

पुतण्यानें शांतपणें उत्तर दिलें, "बाबा, विकतचें हेड बिघडलें तर मी दुसरें विकत आणीन. ओतलेलें बिघडलें तर तें कां बिघडलें, हें मला शोधावें लागेल."

यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. मग आमच्या मातोश्री, ज्या सहसा अशा वादांत पडत नाहींत, त्या सुनेकडे वळून म्हणाल्या, "अग, लग्न होऊन या घरांत आलें तेव्हांपासून मी विस्तवापुढें उभी आहें. उकळतें तेल उतरवलें, पाक केले, हातांवर डाग पडले. ही कसली हौस, असं मला कोणी विचारलं नाहीं. तो विस्तवाजवळ जातो आहे ना, मग त्याला विस्तवाची रीत शिकवा. अडवूं नका."

आम्हांस वाटतें, त्या दिवशीं बोलल्या गेलेल्या सर्व वाक्यांत हेंच सर्वांत खोल होतें. सुशिक्षित घरांतील पुरुष भट्टीला परके झाले असतील. बायका कधींच झाल्या नाहींत. पाक एकतारी झाला कीं दोनतारी, हें दोन बोटांत धरून ओळखणारी स्त्री व मुशींतील रसाच्या तकाकीवरून तो ओतण्याजोगा झाला कीं नाहीं हें ओळखणारा ओतारी, यांची विद्या एकाच जातीची आहे. फरक एवढाच कीं एकीला आपण कौतुकानें 'हाताची चव' म्हणतों आणि दुसरीला 'मिस्त्रीचें काम'.

परवानगी मिळाली, पण कांहीं अटींवर. आणि त्या अटी पुतण्यानेंच आपल्या एका अनुभवी शिक्षकांस विचारून लिहून आणल्या. धातूच्या कामांत मोठा वैरी अग्नि नव्हे, पाणी होय. पाण्याची वाफ झाली म्हणजे ती मूळच्या सुमारें सोळाशेंपट जागा व्यापते. वितळलेल्या रसाखालीं थेंबभर ओल सांपडली तरी रस उडून अंगावर येतो. म्हणून मुशींत टाकावयाचा प्रत्येक तुकडा आधीं तापवून कोरडा करावा, चिमटे व पळ्या तापवून घ्याव्यात, आणि काम फरशीवर किंवा सिमेंटवर न करतां कोरड्या वाळूच्या थरावर करावें. कारण सिमेंटांतहि ओल असते व रस सांडल्यास तें तडकून उडतें. अंगावर जाड सुती कपडे, पायांत चामडी बूट, तोंडावर जाळीची व कांचेची ढाल. भट्टीपाशीं एकट्यानें कधींहि असूं नये. जुन्या एंजिनांच्या कांहीं भागांत मॅग्नेशियम असतें; तें पेटलें तर पाण्यानें अधिकच भडकतें, म्हणून ओळख न पटलेला तुकडा मुशींत टाकूं नये. आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची अट अशी कीं, जो भाग तुटला असतां माणूस मरेल, तो घरीं ओतूं नये. दट्ट्याला जोडणारा दांडा, क्रँक, ब्रेकचे व हँडलचे भाग हे ओतीव नव्हे तर घडीव व परीक्षित असावे लागतात. हेड मात्र करून पाहण्याजोगें असतें.

तें कां, हें सांगावयास हवें. एंजिनाच्या सिलिंडरांत दट्ट्या खालींवर होत असतो. सिलिंडरच्या माथ्यावर बसविलेलें झांकण म्हणजे हेड. त्याच्या खालच्या अंगास वाटीसारखी पोकळी असते, तींत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण दाबलें जाऊन पेटतें. मध्यें प्लगसाठीं भोंक असतें व वर उष्णता हवेंत टाकणारे पातळ पंख असतात. येझ्दीचें एंजिन टू-स्ट्रोक जातीचें, त्यामुळें तिच्या हेडांत झडपा नाहींत. एक जाडसर, पंखवालें झांकण, एवढाच तो पदार्थ.

पहिलें काम लांकडी फर्म्याचें. वितळलेलें अ‍ॅल्युमिनियम थिजतांना आकसतें, तें शंभर भागांस सुमारें सव्वा भाग. म्हणून फर्मा मूळ मापाहून तेवढा मोठा करावा लागतो. शिवाय लेथवर तासण्यासाठीं जेथें तेथें दोनतीन मिलिमीटर जास्त ठेवावे लागतात. फर्मा वाळूंतून अलगद निघावा म्हणून त्याच्या उभ्या कडा किंचित् निमुळत्या कराव्या लागतात. पंखांपाशीं येऊन पुतण्याचे आठ दिवस गेले. पातळ पंखांमधली वाळू फर्म्याबरोबर उपटून येई.

साच्याची वाळू म्हणजे बारीक रेती, त्यांत शेंकडा आठदहा भाग बेंटोनाइट नांवाची चिकण माती, आणि अगदीं थोडें पाणी. मूठभर वाळू दाबून मूठ उघडावी. गोळ्यावर बोटांचे ठसे उमटावेत व गोळा मोडला असतां स्वच्छ दोन तुकडे व्हावेत. मातोश्रींनीं ती परीक्षा पाहून "रव्याच्या लाडवाचं सारण असंच बघतात" एवढाच अभिप्राय दिला.

भट्टी जुन्या पत्र्याच्या पिंपाची, आंतून अग्निरोधक मातीचा जाड थर, तळाशीं पंख्याची नळी आणि जळण लोणारी कोळशाचें. मुशींत जुने दट्ट्ये वितळविले. कारण दट्ट्यांच्या मिश्रधातूंत सिलिकॉन पुष्कळ असतें, त्यामुळें रस पातळ होऊन साच्याच्या कोनाकोपऱ्यांत जातो. भांड्यांचें किंवा खिडक्यांच्या चौकटींचें अ‍ॅल्युमिनियम दिसावयास तेंच. ओतण्यास तें तितकें मानवत नाहीं. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतें. ओतावयाचा रस सातशेंच्या थोडा वर, सातशें वीसच्या आसपास असावा लागतो. उष्णता मोजण्याची तार धाकट्या पुतणीच्या हातीं होती. ती दर मिनिटाचा आंकडा वहींत टिपून मोठ्यानें सांगे, आणि भावाची घाई झाली म्हणजे "अजून नाहीं" असें दरडावी.

पहिलें हेड दिसावयास उत्तम आलें. परंतु त्याचा खालचा भाग तासतांच सुईच्या टोकाएवढीं असंख्य छिद्रें दिसूं लागलीं. तापलेलें अ‍ॅल्युमिनियम ओलाव्यांतील हायड्रोजन शोषून घेतें व थिजतांना तो सोडूं पाहतें. त्याचे बुडबुडे आंतच अडकतात. वाळू ओली होती व रस जास्त वेळ तापत ठेविला होता. दुसऱ्या खेपेस पुतण्यानें रस लवकर ओतला, तों पंख भरण्याआधींच तो थिजला. पंखांच्या जागीं दांत पडल्यासारख्या खांडी राहिल्या. तिसऱ्या खेपेस पंख भरले. पण मधला जाड भाग शेवटीं थिजतांना वरून रस न मिळाल्यामुळें खचला. त्यावर उपाय म्हणजे जाड भागाच्या वर रसाचा एक जाडजूड खुंट ठेवावयाचा. तो सर्वांच्या मागून थिजतो व आकसणाऱ्या धातूला आपला रस पुरवितो. मागाहून तो कापून टाकतात. चौथें हेड साधलें.

येथें एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटली. परीक्षेंत चुकलेल्या उत्तरास निम्मे गुण मिळतात, युक्तिवाद करतां येतो, फेरतपासणी मागतां येते. साचा उघडल्यावर यांपैकीं कांहींच चालत नाहीं. धातु कोणाची पदवी, घराणें किंवा हेतु विचारीत नाहीं. वाळू ओली होती, एवढेंच तो सांगतो. आणि तरीहि तो अपमान करीत नाहीं: तोच धातु पुन्हा मुशींत घालतां येतो. चुकीची इतकी स्वच्छ व इतकी क्षमाशील शिकवण दुसऱ्या कोणत्या शाळेंत मिळते, हें आम्हांस माहीत नाहीं.

हेड तासण्यासाठीं पुतण्या कुपवाडच्या एका लेथवाल्याकडे गेला. या गृहस्थांनीं तीस वर्षें आमच्या विहिरीच्या पंपाचीं कामें केलीं आहेत. त्यांनीं हेड हातांत घेतलें, पान्यानें टिचकी मारून कान लावला, खुंट कापलेली जागा नखानें चाचपली आणि विचारलें, "कितवं?" "चौथं," असें पुतण्यानें सांगितलें. "माझं सातवं आलं होतं," असें म्हणून ते हंसले आणि मग दोघे तासभर बोलत राहिले. ते बोलणें एका व्यवसायाच्या दोन माणसांचें होतें; त्यांत गिऱ्हाईक व मिस्त्री हें नातें उरलें नव्हतें.

तासून आल्यावर मोजमाप. पोकळींत नळीनें थेंब थेंब तेल भरून तिचा आकार मोजतात. सिलिंडरचा व्यास ६५ मिलिमीटर व दट्ट्याची चाल ७५ मिलिमीटर. यावरून दट्ट्या एका चालींत सुमारें २४९ घन सेंटिमीटर जागा झाडतो. दट्ट्या वर असतां माथ्याशीं साडेपस्तीस घन सेंटिमीटर जागा उरली, तर मिश्रण मूळच्या एक-अष्टमांश जागेंत दाबलें जातें. पोकळी लहान ठेविली तर दाब वाढतो, शक्ति वाढते. पण अति झालें म्हणजे मिश्रण अवेळीं भडकून दट्ट्याचा माथा जाळतें. पुतण्याचा हात दाब वाढविण्याकडे जात होता. लेथवाल्यांनीं त्याला थोपविलें. मग हेडांतील भोंकें बंद करून आंत दाबाची हवा भरली व तें पाण्यांत बुडविलें. बुडबुडा आला नाहीं.

एंजिनाची परीक्षा परसांतच, उघड्यावर झाली. बंद खोलींत एंजिन चालविणें म्हणजे विषारी वायूला घरांत बोलावणें होय. एंजिन लोखंडी अँगलच्या जड स्टँडावर घट्ट बांधलें, पेट्रोलची बाटली दूर टांगली, वाळूच्या बादल्या ठेविल्या, आणि फिरणाऱ्या भागांच्या रेषेंत कोणी उभें राहूं नये अशी दोरी बांधली. फिरत्या दांड्यावर एक ड्रम बसवून त्यावर दोरीचा वेढा दिला; दोरीच्या एका टोकास वजन व दुसऱ्यास स्प्रिंगचा कांटा. एंजिनाची शक्ति ब्रेकनें मोजण्याची युक्ति प्रोनी नामक फ्रेंच एंजिनियरानें १८२१ सालीं काढली. दोरीचा ब्रेक हा तिचाच वंशज. दोन टोकांच्या ओढींतील फरक १५ किलो, ड्रमची त्रिज्या २० सेंटिमीटर आणि मिनिटाला १००० फेरे, असें असेल तर शक्ति सुमारें ४ अश्वशक्ति भरते. शाळेंत पाठ केलेलें सूत्र येथें दोरीच्या धुरानें व वासानें लक्षांत राहतें.

पहिल्या तीन लाथांस एंजिन बोललें नाहीं. चौथीस तें खोकललें, निळा धूर सोडला व चालूं लागलें. पुतणीनें पांच मिनिटें झाल्याचें सांगितलें, मग दहा. अर्ध्या तासानें एंजिन बंद करून, निवूं देऊन हेड काढलें. तडा नव्हता, गळती नव्हती. लेथवाले ही परीक्षा पाहण्यास मुद्दाम आले होते. इतके दिवस त्यांचें काम दारांतच आटोपत असे. त्या दिवशीं ते परसांत खुर्चीवर बसले व मातोश्रींनीं त्यांस स्वतः चहा आणून दिला. आमच्या बंधूंनीं तिप्पट खर्चाचें मत अजून बदललेलें नाहीं. पण तें फसलेलें पहिलें हेड त्यांनीं भंगारांत जाऊं दिलें नाहीं. तें त्यांच्या टेबलावर कागद दाबावयास आहे.

असा उद्योग वेडेपणाचा आहे, असें म्हणणाऱ्यांस जगांतील एका वेड्याची हकीकत सांगावीशी वाटते. न्यूझीलंडांतील इन्व्हरकारगिल या गांवीं बर्ट मन्रो नांवाचा एक गृहस्थ होता. त्यानें १९२० सालच्या घडणीची आपली 'इंडियन' मोटारसायकल जन्मभर सुधारली; छपरींत स्वतः दट्ट्ये ओतले, फुटले ते फळीवर मांडून त्यांवर 'वेगाच्या देवास अर्पण' अशा अर्थाचे शब्द लिहिले. १९६७ सालीं, वयाच्या ६८ व्या वर्षीं, अमेरिकेंतील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर त्याच गाडीनें त्यानें आपल्या वर्गांत ताशीं १८३ मैलांहून अधिक वेगाचा विक्रम केला.

इतक्या दूर जाण्याचीहि गरज नाहीं. सांगलीपासून जवळच्या इचलकरंजीस शंकरराव कुलकर्णी यांनीं १९४५ पासून 'मीरा' नांवाची लहान मोटारगाडी घडविण्यास आरंभ केला व पंचवीस वर्षें तींत सुधारणा करीत १९७० पर्यंत तिचा शेवटचा नमुना सिद्ध केला. त्यांचें शालेय शिक्षण सातवीपर्यंतचें. ती गाडी कारखान्यांतून बाहेर पडावी असा योग आला नाहीं, ही हळहळ या भागांत अजून ऐकूं येते. आणि अगदीं अलीकडे, सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे या गांवच्या एका कारागिरानें भंगारांतील भाग जुळवून, मोटारसायकलप्रमाणें पायानें सुरू होणारी छोटी चारचाकी केली. १९२२ च्या जानेवारींत नव्हे, बरोबर शंभर वर्षांनंतर, २०२२ च्या जानेवारींत, एका मोठ्या मोटार कारखानदारानें ती आपल्या संग्रहासाठीं घेऊन त्याला नवी गाडी दिली. तिघांपैकीं कोणाजवळहि पदवी नव्हती. पदवी असलेल्यांजवळ तितकें धाडस कां नसावें, हा प्रश्न आपल्या घरांचा आहे.

किर्लोस्करवाडीची एक गोष्ट या ठिकाणीं आठवते. जेथें नांगर ओतले जात होते, त्याच वाडींतून १९२० सालीं 'किर्लोस्कर खबर' व १९३० सालीं 'स्त्री' हीं मासिकें निघालीं आणि मराठी घरांच्या माजघरांपर्यंत पोंचलीं. वाळूंतला साचा व छापखान्यांतला खिळा हे दोन्ही एकाच आवारांत नांदले. खिळा तरी काय, ओतलेला धातुच! बुद्धि व हात यांचें वैर असतें, तर हें घडलें नसतें.

प्रत्येक घरानें भट्टी पेटवावी असें आमचें म्हणणें नाहीं. फ्लॅटांतून राहणाऱ्यांस तें शक्य नाहीं व योग्यहि नाहीं. शेजाऱ्यांचा श्वास आपल्या प्रयोगाहून मोठा आहे. शिवाय गाडीच्या नोंदणींतील तपशिलाशीं विसंगत असा बदल कायद्यास मान्य नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवावें. परंतु एक फळी, एक शेगडा, चार हत्यारें आणि "कपडे काळे झाले तरी चालतील" हें एक वाक्य, एवढें बहुतेक घरांस देतां येईल. सातारा, कऱ्हाड, कुपवाड, मिरज येथें अनेक ओतकामाचे कारखाने आहेत. सुट्टींत मुलांमुलींस तेथें नेऊन, परवानगी घेऊन, एकदां साचा उघडतांना दाखवावा. आणि घरीं पंप, सायकल किंवा गाडी दुरुस्त करावयास जो मनुष्य येतो, त्याच्याजवळ मुलास उभें करून "हें कसं केलंत?" असें विचारूं द्यावें.

आमच्या परसांतील भट्टी सध्यां पावसाळ्यामुळें पत्र्याखालीं झांकून ठेविली आहे. पुढचा बेत सायलेन्सरच्या तोंडाशीं बसणाऱ्या कड्याचा आहे, आणि या वेळीं फर्मा पुतणी करणार आहे. वहिनींनीं तिच्यासाठीं जाड सुती झगा स्वतः शिवला आहे.